आईचं बोट ओठांवर

मं. ७ जाने.

आजपासून सुरू. दुपारी चारला फोन, व्हिडिओवाला, इस्रायलहून. तिकडं त्याला लांबलचक नाव आहे, माझ्या भावानं, एलीनं मराठीत सांगितलं 'कुटुंबासकट उपचार'. मी 'हजेरी' म्हणणार. दर मंगळवारी मी इथं पेणला फोनपुढं बसायचं, आईनं तिकडं अश्दोदला एलीच्या घरी बसायचं आणि फोनवरच्या तिसऱ्या चौकटीतून एक पोरगी आम्हा दोघींवर लक्ष ठेवणार.

पोरीचं नाव मायान. आजी-आजोबा रेवदंड्याहून गेलेले यहुदी, आपल्यातलेच, ही तिथंच जन्मली. मराठी आजीकडून उचललेलं. चेहरा विशीतला आणि बोलते ऐंशीच्या म्हातारीसारखी. "तुमी बऱ्या हाव ना?" मी म्हटलं, मी बरी आहे, बरी नाही ती आई. त्यावर गोड हसली. गोड हसणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही.

आई चार महिने बोलत नाही. कोणाशीच नाही. कान तपासले, डोकं तपासलं, सगळं ठीक. जेवते, झोपते, हाक मारली की बघते. मायान म्हणते, उतारवयात देश बदललेल्यांचं असं होतं, तिच्याकडे अशा पुष्कळ आज्या आहेत. औषधापेक्षा घरची माणसं समोर असली की फरक पडतो, मागं राहिलेली माणसंसुद्धा. असेल. पण दोन वर्षांपूर्वी माझी आई इथून निघाली तेव्हा विमानतळाच्या दारावरच्या पोलिसाला पोह्याच्या पापडांची रीत समजावून देत होती. मागची रांग खोळंबली होती. अशी बाई आपण होऊन गप्प होत नाही. तिला कोणीतरी गप्प करतं.

आणि अट काय, तर मी आईला प्रश्न विचारायचे नाहीत. नुसतं बोलायचं, घरातलं, साधं. प्रश्न का नाहीत? उत्तर मिळेल म्हणून?

बु. ८ जाने.

एलीला फोन केला. आई रात्री झोपते का, त्याची बायको फ्लोरा तिच्याशी कशी वागते, मायानचे पैसे कोण देतं. तो म्हणाला, "ताई, तू आता एक्स्चेंजमध्ये नाहीस."

नाही हे खरं. पण पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमेदीची सगळी वर्षं गेली. ट्रंक कॉल जोडून दिला की कानाला कळायचं, पलीकडं एकच माणूस आहे की शेजारी आणखी कोणी उभं आहे. माणूस वेगळा बोलतो. ती सवय आता कुठं टाकू? एलीच्या मागं काल कोणीतरी होतं. फ्लोराच असणार, दुसरी कोण!

फ्लोरा ठाण्याची. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं कधी उलट शब्द काढला नाही, तेच मला खटकत आलंय. सासूला एकदाही उलटून न बोललेली सून मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मं. १४ जाने.

संक्रांत. समोरच्या बिऱ्हाडातून तिळगूळ आला.

हजेरी. मायान म्हणाली, "आज बोलू नका. तुमचं काम करा, आजी बगल." म्हणून स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ठेवला आणि जिताडा साफ करायला घेतला. सकाळी बाजारात मिळाला, खारपाटातला, ताजा. खवले उडत होते. आई वाकून बघायला लागली. मी मुद्दाम चुकीच्या बाजूनं सुरी चालवली, म्हटलं आता तरी ओरडेल. हात पुढं आला तिचा. बोलली नाही.

मग दोन गोष्टी पाहिल्या, त्या इथं नीट लिहून ठेवते.

एक. आईच्या मागं लोखंडी दार आहे. घरातल्या खोलीला लोखंडी दार, तिजोरीला असतं तसं. आणि ते बंद होतं. मी विचारलं, हे काय? मायान म्हणाली, ती हल्ल्याचे भोंगे वाजले की बसायची खोली, तिकडं घराघरात असते, आजींना झोपायला तीच दिलीय. बरं. मग आज कुठला भोंगा वाजत होता, दार लावून घ्यायला?

दोन. मध्येच समोरचं चित्र काळं झालं. कॅमेऱ्यावर काहीतरी आलं. पुन्हा आई दिसली तेव्हा चित्र अडकत अडकत होतं, पण स्पष्ट दिसलं. आई माझ्याकडे टक लावून बघतेय आणि बोट ओठांवर.

गप्प बस. कोणीतरी ऐकतंय.

त्याच वेळी दारापलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. माझ्या कानातून तो सुटायचा नाही.

जिताड्याचं कालवण केलं. तसंच झाकून ठेवलं.

गु. १६ जाने.

सकाळच्या गाडीनं रोह्याला गेले, आईचं घर उघडून केर काढायला. पेण सोडल्यापासून तेच डोक्यात, बोट, दार, खुर्ची. कासूला गाडी उगाच थांबून राहिली तेव्हा शेजारची बाई म्हणाली, एकट्याच बोलताय. मी म्हटलं, हो.

घर बरं आहे. मागच्या पायरीवर शेवाळ. शेजारची सुनंदा भांडी घासत होती, ती म्हणाली, "एलीभाऊचा फोन आलता गो. घराचे फोटो काढून धाड बोलला. धाडले मी. चावी तुज्याकडं, म्हनून भायरूनच काढले." कशाला हवेत विचारलंस का? "नाय बा. तुमचं घर, तुमी जाना."

दाखवले तिनं. पुढचं दार, कुलूप. मागचं दार, कडी. विहीर, पायरी, पुन्हा पुढचं दार.

आता सगळं जुळतं. आई बोलत नाही म्हणजे 'नाही' म्हणणार नाही. घराचे फोटो माझ्याकडे न मागता शेजारणीकडे मागवले. घर विकायला काढलंय आणि म्हातारीला लोखंडी दारामागं ठेवलंय. आणि मी दर मंगळवारी समोर मासे कापत बसते, म्हणजे सगळ्यांना वाटावं की कुटुंब एक आहे.

मं. २१ जाने.

अट मोडली.

पुन्हा तेच झालं. आईचा चेहरा दिसतो न दिसतो तोच काळोख, मग ओठांवर बोट. मागं दार बंद. मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "आई, फ्लोरा तुला मारते का? मान हलव नुसती."

मायान मध्ये पडली, दिनाताई, दिनाताई करत. मी थांबले नाही. म्हटलं, "ती दारामागं उभी आहे ना? उघड म्हणावं दार. मला तिचं तोंड बघू दे."

दार उघडलं. फ्लोराच. हातात आईची शाल. तिनं सगळं ऐकलं होतं, ते तर उघडच. रडली नाही. ती शाल आईच्या खांद्यावर घातली, मला म्हणाली, "ताई, तुम्ही असं कसं बोललात?" आणि बाहेर गेली. दार उघडं ठेवून.

आईनं डोळे मिटून घेतले. मग चित्र गेलं.

बरं केलं की वाईट? सांगता येत नाही. पण फ्लोरानं नाही म्हटलं नाही. 'मी मारत नाही' असं एकदासुद्धा नाही म्हटलं.

गु. २३ जाने.

एलीचा मेसेज. हजेरी बंद. "तू फ्लोराची माफी मागेपर्यंत मला फोन करू नकोस. आई तेव्हापासून नीट जेवत नाही."

मेसेज तीनदा वाचला. जेवत नाही. माझ्यामुळं? की आता दोष द्यायला मी सापडले म्हणून?

संध्याकाळी मायानचा फोन, एकटीचा. वाटलं झापेल. नाही. म्हणाली, तुम्हाला काय दिसलं ते सांगा. मी सांगायची नव्हते, पण सांगितलं. अंधार, बोट. ती म्हणाली, तिच्याबरोबर काम करणाऱ्यांनाही ते माहीत आहे, तिनंही पाहिलंय. त्यांच्याकडे त्याचा अर्थ असा लावलाय की आजी सांगतात, मला बोलायचं नाही, मला बोलायला लावू नका. तुम्हाला वाटतं दुसरं कोणी गप्प बसवतंय. "दोगींतलं एक खरं असंल. नायतर दोनी खोटं."

हुशार आहे. हुशार माणसाचा राग धरणं कठीण जातं. फोटोंचंही विचारलं. ते म्हणे तिनंच मागवायला सांगितले होते, आईला दाखवायला. आई रोज हातात घेऊन बघते. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? म्हणाली, "तुमी कुलूप काडून, झाडून, सजवून फोटो धाडला असता. मला हाय तसं घर पायजे व्हतं."

तसंच केलं असतं मी. पण तिला कसं माहीत? एलीनं सांगितलं असणार माझ्याबद्दल. आणखी काय काय सांगितलंय?

सो. २७ जाने.

ठरवलं. आईला परत आणायचं.

पनवेलला जाऊन विमानाची चौकशी केली. व्हीलचेअर मिळते, सोबत माणूस पाहिजे. मी जाईन आणायला. पासपोर्ट काढावा लागेल. जन्मात काढला नाही. एली गेला, फ्लोरा गेली, शेवटी आई गेली, रोह्यातली, पेणमधली आपली निम्मी माणसं गेली, मी कधी फॉर्मसुद्धा भरला नाही. मला सगळे विचारायचे, तू का नाही येत? मी म्हणायचे, कोणीतरी फोन उचलायला पाहिजे इथं.

रोह्यात ठेवीन आईला, मी पण तिथंच राहीन. सुनंदा आहे शेजारी. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, पण रोह्याच्या घराला जिना कुठं आहे? तिथं आली की बोलेल. न बोलायला काय झालं, आपली विहीर, आपली पायरी.

आणि नाहीच बोलली तर? तर मग मी कोणावर संशय घेणार?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

र. २ फेब्रु.

काल शब्बाथ, आमचा विसाव्याचा शनिवार, म्हणून लिहिलं नाही. निदान एवढं पाळते.

शुक्रवारीच रोह्याला जाऊन राहिले. काल सकाळी मशिदीत गेले. लोक आजही यहुद्यांची मशीद म्हणतात आणि आम्हीही म्हणतो. आई तिकडं गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं. लागतात तेवढे दहा पुरुष भरत नाहीत, त्यामुळं अर्ध्या प्रार्थना सोडून द्याव्या लागतात. बेंजामिनकाका आहेत अजून, किल्ली त्यांच्याकडे. डोळे पार गेलेत, पण आवाज तसाच.

प्रार्थना संपली. लोक उठले. काका भिंत चाचपत माझ्या दिशेनं आले आणि हात पुढं केला. कोण आहे तेसुद्धा त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांनी हात काढून घेतला आणि बोटं ओठांना लावली.

हातबोशी.

मी तशीच उभी. काका म्हणाले, "कोन गो? बोटं लाव की तोंडाला. इसरलीस?"

लहानपणापासून करत आले. आईच्या मागं लुगडं धरून उभी असायची आणि सगळ्या बाया आळीपाळीनं हात द्यायच्या. हातात हात, मग आपापली बोटं ओठांना. हात पुढं केल्याशिवाय आमच्यात कोणी कोणाला भेटत नाही.

आईनं हात पुढं केला होता. फोनवरच्या माझ्या तोंडाकडे. तिचा तळहात कॅमेऱ्यावर आला, म्हणून अंधार झाला. मग तिनं बोटं ओठांना लावली. एक बोट नव्हतं ते, सगळी बोटं होती. मी एकच पाहिलं, कारण मला तेच पाहायचं होतं.

दर मंगळवारी ती मला भेटत होती. आणि मी तिला विचारलं, तुला मारतात का.

मशिदीच्या पायरीवर बसून रडले. बेंजामिनकाकांना वाटलं आईचं काही झालं. म्हटलं, नाही काका, आई ठीक आहे, माझंच डोकं फिरलंय. ते म्हणाले, "मग ठीक हाय. ते नेमीचंच."

सो. ३ फेब्रु.

मायानला सांगितलं. तिला हातबोशी माहीत नव्हती. मग आठवली. "माझी आजी करायची! मला वाटायचं ती पापी फेकते." आणि हसता हसता एकदम थांबली. म्हणाली, आजीच्या हातात तिनं हात कधी दिला नाही, नुसती उलट पापी फेकत राहिली.

नंतर फ्लोराला लावला. आधी एली बोलला, कोरडा. मग ती आली. माफी मागितली. सरळ मागितली, 'पण' न लावता. मग हातबोशीचं सांगितलं.

फ्लोरा म्हणाली, "मला माहीत आहे, ताई. रोज सकाळी चहा घेऊन जाते तेव्हा देतात मला. मी पण देते."

रोज. तिला रोज!

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस कोणाला? ती म्हणाली, तुम्हाला देतात हे मला कसं कळणार? हजेरीच्या वेळी मी दाराबाहेर असते. तुम्हा मायलेकींना मोकळं बोलता यावं म्हणून दार मीच लावून घेत होते, आणि आईंना कधी काही लागलं तर जवळ असावं म्हणून खुर्ची टाकून तिथंच बसत होते. मी विचारलं, आणि एलीला कसं दिसलं नाही? एली फोनच्या बाजूनं कधी बसत नाही, त्याला आईचं न बोलणारं तोंड बघवत नाही.

सगळं पटलं. एका गोष्टीलाही बोट ठेवायला जागा नाही. तरी फोन ठेवल्यावर मनात आलं, इतकं चांगलं कोणी कसं असेल? मग स्वतःचाच राग आला. मग फ्लोराचा, कारण ती मला राग येऊ देत नाही. आणि खरं सांगायचं तर मत्सर. आईनं हात दिला तो पहिल्यांदा तिनं धरला.

मं. ४ फेब्रु.

हजेरी नाही. एली म्हणाला, आईला आठवडाभर शांत राहू दे. मायानचंही तेच. दोघांनी ठरवून सांगितलं की काय?

सुटत नाही ही खोड.

पासपोर्टसाठी फोटो काढून आले. स्टुडिओवाला म्हणाला, मावशी, हसू नका, पण इतका राग पण नको.

मं. ११ फेब्रु.

हजेरी. परवा आमच्या पैगंबराचा, एलियाहू हन्नाबीचा उरूस. मलिद्याचे पोहे भिजवायचे नाहीत आज, पण ते निवडत बसले फोनपुढं, आईला दिसावं म्हणून. ताटात पोहे, बाजूला नारळ, खजूर.

मागचं लोखंडी दार आज उघडं होतं. फ्लोरा आत, आईजवळ. मी म्हटलं, बस, तिथंच बस. एलीसुद्धा आज समोरून आला. केस पांढरे झालेत त्याचे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी आधी हात पुढं केला. फोनच्या काचेवर ठेवला, माझ्याकडून आईच्या गालावर. आईनं बघितलं. बराच वेळ काही झालं नाही. मग अंधार झाला. या वेळी मी हात काढला नाही. काच गार होती आणि मला त्याच्यापलीकडं काही लागत नव्हतं, तरी काढला नाही. उजेड आला तेव्हा तिची बोटं ओठांवर. मीही लावली.

आईच्या मांडीवर सुनंदानं काढलेले फोटो होते. तिनं वरचा उचलला, पुढच्या दाराचा, कुलपाचा. माझ्याकडे धरला. आणि बोलली. चार-पाच महिन्यांनी. आवाज खरखरीत, जणू दुसऱ्याच कोणाचा.

"दार लावलंस का गो?"

हे ती कायम विचारायची. रोह्याहून अलिबागला निघालो तरी, शेजारी हळदीकुंकवाला निघालो तरी. घर सोडताना तिचं शेवटचं वाक्य तेच असायचं.

"लावलं, आई. दोन्ही कड्या घातल्या."

तिनं मान हलवली. नाही अशी.

"उघड."

बस्स, एवढंच. मग पोह्यांच्या ताटाकडे बघत राहिली. एली तोंड फिरवून रडत होता. फ्लोरा उठली आणि आधीच उघडं असलेलं ते लोखंडी दार पार भिंतीपर्यंत सारून आली. आईनं तिकडं पाहिलंही नाही. मायान हळू आवाजात म्हणाली, "इच्यारू नका. आज नको."

नाही विचारलं.

नंतर तिघांचे तीन फोन. एली म्हणतो, आईला रोह्याला परत यायचंय, तू बरोबर होतीस. फ्लोरा म्हणते, नाही ताई, त्या या खोलीला घाबरतात, मी त्यांना बाहेरच्या खोलीत झोपवते आजपासून. मायान म्हणते, कदाचित दोन्ही नाही, कदाचित त्या दोन वर्षांपूर्वीच्या सकाळीच उभ्या आहेत आणि निघायचंच नाहीय त्यांना. तिघंही मनापासून बोलले. तिघांवरही मला संशय आला नाही, म्हणून बेचैन आहे. कोणी खोटं बोलत असतं तर सोपं गेलं असतं.

पोहे निवडून झाले. उद्या सकाळच्या गाडीनं रोहा. मलिदा तिथंच करीन, सुनंदाला बोलावीन, बेंजामिनकाकांना हात धरून आणीन. किल्ली पर्समध्ये टाकली. आईला कुठलं दार म्हणायचं होतं ते मला ठाऊक नाही. मला उघडता येतं ते हे एकच.